एकच भाकर, अनेक वाद

1529 च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन लूथर आणि हुल्ड्रिख झ्विंग्ली एकमेकांसमोर बसले. दोघांनीही रोमशी फारकत घेतलेली, दोघांचाही बायबलवर कडवा विश्वास. हेस संस्थानाचा अधिपती फिलिप याला प्रोटेस्टंट संस्थानांची आघाडी उभारायची होती आणि त्यासाठी या दोघांचे जमणे गरजेचे होते. 15 कलमांचा मसुदा तयार झाला. 14 कलमांवर एकमत झाले. पंधराव्यातलेही बरेचसे जुळले, पण एका मुद्द्यावर सगळे अडले: प्रभुभोजनातल्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त खरोखर, देहरूपाने असते की नाही? भाकरीविषयीचे येशूचे ‘हे माझे शरीर आहे’ या अर्थाचे चार लॅटिन शब्द लूथरने आधीच खडूने मेजावर लिहून ठेवले होते. त्या शब्दांवरून तो तसूभरही हलला नाही. झ्विंग्लीचा साथीदार इकोलांपाडियस याने ऑगस्टीनसारख्या प्राचीन लेखकांचे उतारे पुढे केले. तेही उपयोगी पडले नाहीत आणि आघाडी बारगळली.

उताऱ्यांची ती लढाई पुढेही चालू राहिली. वसईचे कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात आणि अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्या ज्याला प्रभुभोजन म्हणतात, तो विधी एकाच रात्रीच्या आठवणीवर उभा आहे. अटक होण्यापूर्वी येशूने शिष्यांसोबत घेतलेले ते शेवटचे जेवण. त्या जेवणाचा अर्थ लावताना कॅथलिक पंडित इग्नाशियस आणि जेरुसलेमच्या सिरिलचा दाखला देतात, तर सुधारणावादी परंपरेतले पंडित टर्टुलियन आणि ऑगस्टीनचा. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे दाखले अस्सल आहेत. कोणी खोटे कागद पुढे करत नाही. तरीही निकाल लागत नाही, कारण साक्षीदारांना विचारला जाणारा प्रश्नच त्यांच्या काळातला नाही.

पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांपैकी प्रभुभोजनाच्या स्वरूपावर स्वतंत्र, पद्धतशीर तात्त्विक ग्रंथ कोणी लिहिला नाही. ते या भोजनाविषयी बोलतात ते बहुतेक वेळा दुसराच कुठला तरी वाद लढताना. कोणाला श्रीमंतांचा माज उतरवायचा आहे, कोणाला येशूच्या देहाचे खरेपण सिद्ध करायचे आहे, कोणाला सम्राटाचा संशय फेडायचा आहे. प्रतिपक्ष बाजूला काढून वाक्य तेवढे उचलले की त्याचा अर्थ हवा तसा वाकवता येतो. प्रतिपक्ष परत जागेवर बसवला की चित्र बदलते.

सर्वांत जुना लेखी वृत्तांत पौलाचा आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेले त्याचे पहिले पत्र साधारण इ.स. 53 ते 55 मधले, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. हा वृत्तांत शांत शिकवणीतून आलेला नाही, खरडपट्टीतून आलेला आहे. करिंथमध्ये प्रभुभोजन अजून खरेखुरे जेवण होते, कोणाच्या तरी घरी भरणारे. खाऊनपिऊन सुखी असलेली मंडळी आपापले आधीच उरकून घेत. गरिबांच्या वाट्याला भूक येई. एकीकडे कोणी उपाशी, दुसरीकडे कोणी झिंगलेला. पौल संतापून सांगतो की हे प्रभूचे भोजनच नव्हे, आणि मग त्या शेवटच्या रात्रीची हकिगत त्यांना पुन्हा ऐकवतो.

त्यानंतरचा त्याचा ठपका फार महत्त्वाचा आहे. जो शरीर न ओळखता खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे तो बजावतो. कोणते शरीर? भाकरीतले की बाजूला उपाशी बसलेल्या भावाबहिणींचे? याच पत्रात थोडे आधी त्याने म्हटले आहे की भाकर एक असल्यामुळे आपण अनेक असूनही एक शरीर आहोत. पुढच्याच अध्यायात तो मंडळीला ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. दोन्ही अर्थ त्याच्या लेखी एकमेकांत मिसळलेले आहेत. मंडळीत अनेक जण आजारी आहेत, काही मेले आहेत, ते याच अनादरामुळे, असेही तो मानतो. नुसत्या आठवणीच्या विधीला इतकी धार कोणी लावत नाही. पण त्या अनादराचा पुरावा म्हणून तो बोट दाखवतो ते भुकेल्या माणसांकडे.

साधारण सहा दशकांनी या भोजनाची खबर रोमन सरकारी कागदांत उमटते. इ.स. 112 च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंतस प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा जमून जेवतात, असे त्याला चौकशीत कळले. ते अन्न साधे आणि निरुपद्रवी असते, अशी नोंद त्याने मुद्दाम केली. ती करावी लागली, कारण या लोकांच्या जेवणाविषयी बाजारात भलत्याच अफवा होत्या. खात्री करून घ्यायला त्याने मंडळीत सेविकेचे काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला आणि त्याला ‘अतिरेकी अंधश्रद्धे’पलीकडे काही सापडले नाही.

त्याच सुमाराचा, कदाचित त्याहूनही जुना, असा एक दस्तऐवज 19व्या शतकात हाती आला आणि विद्वानांची अनेक गृहीतके डळमळली. 1873 मध्ये फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात 1056 साली नकललेले हस्तलिखित मिळाले; त्यातली ‘डिडाखे’ ही छोटी नियमपुस्तिका त्याने 1883 मध्ये छापली. तिच्यात प्रभुभोजनाच्या प्रार्थना आहेत. आधी प्याला येतो, मग भाकर. दाविदाच्या पवित्र द्राक्षवेलीबद्दल, जीवनाबद्दल आणि ज्ञानाबद्दल देवाचे आभार मानले जातात. डोंगरांवर विखुरलेले धान्य जसे एका भाकरीत गोळा झाले, तशी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून देवाच्या राज्यात गोळा व्हावी, अशी याचना आहे. बाप्तिस्मा न झालेल्याला हे अन्न देऊ नये, असा कडक नियम आहे. पुढे याच भोजनाला यज्ञ म्हटले आहे आणि ज्यांचे भांडण आहे त्यांनी आधी समेट करावा, नाहीतर यज्ञ विटाळतो, अशी ताकीद आहे.

पण या प्रार्थनांत शरीर आणि रक्त हे शब्द येत नाहीत. शेवटच्या भोजनाचा उल्लेख नाही, क्रूसाचाही नाही. काही अभ्यासकांनी यावर तोड काढली की हे प्रभुभोजन नसून नुसते प्रीतिभोजन असावे. पुस्तिका मात्र त्याला स्पष्टपणे युखारिस्त, म्हणजे आभारविधी, याच नावाने ओळखते. उत्तरकालीन चौकटीत बसत नाही म्हणून पुराव्याचे नाव बदलणे हा प्रामाणिक मार्ग नव्हे. एका प्रदेशातल्या ख्रिस्ती लोकांनी हे भोजन मुख्यतः एकत्र येण्याची आणि येणाऱ्या राज्याची खूण मानले, हे सरळ मान्य करणे बरे.

आता इग्नाशियस. परंपरेनुसार ट्राजनच्याच काळात अंत्युखियाच्या या बिशपला 10 सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते. तिथे श्वापदांच्या तोंडी देण्याची शिक्षा त्याची वाट पाहत होती. वाटेत त्याने सात पत्रे लिहिली. स्मर्नाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो काही लोकांवर तुटून पडतो: ते प्रभुभोजनापासून दूर राहतात, कारण ते भोजन म्हणजे आपल्या तारणाऱ्याचा देह आहे, ज्याने आपल्या पापांसाठी दुःख सोसले तोच देह, हे त्यांना कबूल नाही. भोजनातल्या खऱ्या उपस्थितीचा सर्वांत जुना आणि ठणठणीत पुरावा म्हणून हे पत्र हमखास पुढे केले जाते, आणि त्यात चूक काही नाही.

प्रश्न आहे तो प्रतिपक्षाचा. हे लोक भाकरीला प्रतीक मानणारे नव्हते. येशूला हाडामांसाचा देह होता हेच त्यांना नामंजूर होते. तो माणसासारखा भासला, सोसल्यासारखा दिसला, इतकेच, असे ते म्हणत. इग्नाशियसचा राग या भासवादावर आहे. देह खोटा ठरला तर क्रूसही खोटा, आणि मग आपण साखळदंडात रोमला चाललो आहोत ते कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. भाकर आणि देह यांचा संबंध नेमका कसा, हे तो उलगडत नाही. ट्राल्लेसच्या मंडळीला लिहिताना तोच विश्वासाला प्रभूचा देह आणि प्रेमाला येशूचे रक्त म्हणतो. इफिसच्या मंडळीला तो मोडलेल्या भाकरीचे वर्णन अमरत्वाचे औषध असे करतो. ज्याला ही तिन्ही विधाने एकाच दमात करता येतात, त्याला मारबुर्गचा पेच कळलाच नसता.

आणखी एक गोष्ट सहसा उद्धृत केली जात नाही. देहाविषयीच्या त्या प्रसिद्ध वाक्याच्या अगदी लगत इग्नाशियस याच पाखंड्यांवर दुसरा आरोप करतो: त्यांना विधवांची, अनाथांची, कैद्यांची, भुकेल्या-तहानलेल्यांची पर्वा नाही. दोन आरोप शेजारी आले आहेत ते योगायोगाने नव्हे. ज्याला ख्रिस्ताचा देह खरा वाटत नाही, त्याला शेजाऱ्याच्या देहाची भूकही खरी वाटत नाही, अशी त्याची तर्कसंगती आहे.

जस्टिनची गरज वेगळी होती. समारियातल्या नियापोलिसमध्ये, म्हणजे आजच्या नाब्लुसमध्ये, जन्मलेला हा तत्त्वज्ञ रोममध्ये शिकवत असे. इ.स. 155 च्या सुमारास त्याने सम्राट अँतोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती धर्माचे जे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या उपासनेचे पहिले तपशीलवार वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. अध्यक्ष प्रवचन करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. अध्यक्ष आपल्या कुवतीनुसार आभाराची प्रार्थना म्हणतो, लोक आमेन म्हणतात. डीकन ते अन्न गैरहजर असलेल्यांच्या घरी पोचवतात. मग ऐपतदार लोक मर्जीनुसार देणगी देतात आणि त्या पैशांतून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची सोय लागते.

हे अन्न सामान्य भाकर आणि सामान्य पेय नव्हे, असे जस्टिन निक्षून सांगतो. आपल्या रक्तामांसाचे पोषण करणारे हे अन्न देहधारी येशूचे मांस आणि रक्त आहे अशी आपली शिकवण आहे, असे तो सम्राटाला लिहितो. ख्रिस्ती लोक नरमांस खातात अशी बोंब असलेल्या काळात हे उघड लिहायला धैर्य लागते. साधी आठवण किंवा साधे प्रतीक एवढेच जर त्याचे मत असते, तर सम्राटासमोर तसे म्हणून तो सहज सुटला असता. सोपी वाट त्याने टाळली, ही गोष्ट त्याच्या साक्षीचे वजन वाढवते. आणि तरी प्रार्थनेचे शब्द अजून ठरीव नव्हते, ती अध्यक्षाच्या कुवतीवर सोपवली होती, हेही त्याच वर्णनातून कळते. सुमारे दहा वर्षांनी रोमचा नगरपाल जुनियस रुस्टिकस याने जस्टिनला मृत्युदंड दिला.

बोंब किती महागात पडू शकत होती ते लियोंला दिसले. इ.स. 177 मध्ये गॉल प्रांतातल्या या शहरात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. छळाला भिऊन त्यांच्या काही बिगरख्रिस्ती नोकरांनी सांगितले की आमचे मालक माणसे खातात. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगात मेला, ब्लँडिना नावाची गुलाम स्त्री आखाड्यात मारली गेली. पोथिनसच्या जागी आला आयरेनियस. त्याने इ.स. 180 च्या सुमारास ‘पाखंडांविरुद्ध’ हा पाच भागांचा ग्रंथ लिहिला.

त्याचे प्रतिपक्षी गूढज्ञानवादी होते. हे जग, ही माती, हा देह एका खालच्या दर्जाच्या किंवा अज्ञानी निर्मात्याची करणी आहे, आणि मुक्ती म्हणजे त्यातून आत्म्याची सुटका, असे त्यांचे म्हणणे. तरीही त्यांच्यापैकी काही जण भाकर आणि प्याला घेत. आयरेनियसने त्यांना इथेच पकडले. जमिनीतून उगवलेले धान्य आणि वेलीवरची द्राक्षे जर दुय्यम देवाची भिकार निर्मिती असेल, तर तीच वर अर्पण कशी करता? भाकर मातीतली आहे. तिच्यावर देवाचा धावा झाला की ती सामान्य भाकर राहत नाही, तिच्यात पार्थिव आणि स्वर्गीय अशी दोन तत्त्वे असतात. त्याचप्रमाणे प्रभूच्या देहाने आणि रक्ताने पोसलेले आपले शरीर नाशालाच बांधलेले आहे असे कसे म्हणता येईल?

पार्थिव तत्त्व नाहीसे होते, असे आयरेनियस म्हणत नाही. म्हटले असते तर त्याचा सगळा युक्तिवाद कोसळला असता. त्याला माती हवी आहे, ती मातीच राहायला हवी आहे आणि तरी ती देवाला वाहून नेणारी हवी आहे. उत्तरकालीन दोन्ही पक्षांना त्याचा अर्धा भाग आवडतो.

टर्टुलियनच्या बाबतीत उद्धरणाची गडबड सर्वांत जास्त झाली. कार्थेजचा हा लॅटिन लेखक तिसऱ्या शतकाच्या आरंभी मार्सियनविरुद्धच्या ग्रंथात भाकरीला ख्रिस्ताच्या शरीराची ‘आकृती’ म्हणतो. एवढा शब्द हाती लागला की प्रतीकवाद्यांना आपला पूर्वज सापडल्याचा आनंद होतो. पण वाक्य पुढे चालू राहते. मार्सियनच्या मते येशूला खरा देह नव्हता. टर्टुलियन उत्तर देतो की खरे शरीर असल्याशिवाय त्याची आकृती संभवतच नाही, पोकळ भासाची आकृती होत नसते. आकृती हा शब्द इथे देहाचे खरेपण पटवायला वापरला आहे. हाच टर्टुलियन दुसरीकडे लिहितो की आपला देह ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त खातो, जेणेकरून आत्मा देवाने पुष्ट व्हावा. प्याल्यातला थेंब किंवा भाकरीचा कण जमिनीवर पडला तरी आम्हाला चैन पडत नाही, असेही तो नोंदवतो. ख्रिस्ती स्त्रिया ही भाकर घरी ठेवून सगळ्या अन्नाआधी खात. बिगरख्रिस्ती नवऱ्याला ते कसे समजावणार, अशी काळजी त्याने बायकोला लिहिलेल्या पुस्तिकेत व्यक्त केली आहे.

अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनचा ओढा अर्थांच्या थरांकडे होता. भाकरीचा भौतिक भाग पोटात जातो आणि शरीराबाहेर पडतो, लाभ होतो तो तिच्यावर उच्चारलेल्या प्रार्थनेमुळे आणि घेणाऱ्याच्या श्रद्धेच्या प्रमाणात, असे तो मत्तयावरच्या भाष्यात स्पष्ट लिहितो. पण निर्गमावरच्या प्रवचनात तो श्रोत्यांच्या एका सवयीचा आधार घेतो: प्रभूचे शरीर हातात घेताना एकही कण पडू नये म्हणून तुम्ही जपता ना, मग देवाचे वचन ऐकताना तेवढे का जपत नाही? सवय सर्वांची होती आणि ती ओरिजेनला योग्य वाटत होती. त्याने तिचा उपयोग दुसऱ्या कामासाठी केला.

सिप्रियनच्या वेळेपर्यंत कार्थेजमध्ये वातावरण बदलले होते. हा बिशप 258 च्या 14 सप्टेंबरला तलवारीने मारला गेला. त्याआधीची दहा वर्षे छळ आणि फूट यांतच गेली. आफ्रिकेत काही ठिकाणी सकाळच्या विधीत द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरत. सिप्रियनच्या पत्रातून त्याचे एक कारण डोकावते: सकाळी तोंडाला द्राक्षारसाचा वास आला तर आपण ख्रिस्ती असल्याचे उघड होईल, ही भीती. सिप्रियनने ही पळवाट फेटाळली. ख्रिस्ताच्या रक्ताची लाज वाटत असेल तर त्याच्यासाठी स्वतःचे रक्त कसे सांडणार, असा त्याचा रोख आहे. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचे रक्त आणि पाणी म्हणजे लोक. नुसता द्राक्षारस घेतला तर ख्रिस्त लोकांविना, नुसते पाणी घेतले तर लोक ख्रिस्ताविना. याच पत्रात बिशप ख्रिस्ताच्या जागी उभा राहून यज्ञ अर्पण करतो, ही कल्पना प्रथमच इतक्या ठसठशीतपणे मांडली गेली. रक्त, यज्ञ, लोक आणि आसन्न मृत्यू ही सगळी सूत्रे त्याने एका प्याल्यात आणली आहेत.

इ.स. 313 मध्ये छळ थांबला आणि चर्चची दारे गर्दीने भरली. आता प्रश्न सम्राटाचा राहिला नाही, शिकवण्याचा झाला. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना इस्टरच्या आठवड्यात विधीचे रहस्य समजावून सांगण्याची प्रथा पडली. जेरुसलेममध्ये सिरिलच्या, काहींच्या मते त्याचा उत्तराधिकारी योहान याच्या, नावावर असलेल्या प्रवचनांत जिभेच्या चवीवर विसंबू नका, श्रद्धेवर विसंबा, असा उपदेश आहे. डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरा, कारण त्यावर राजा येणार आहे, असे बारकावेही आहेत. मिलानचा बिशप अँब्रोझ साधारण 390 मध्ये विचारतो की एलियाच्या शब्दाने आकाशातून अग्नी उतरला, तर ख्रिस्ताच्या शब्दाने भाकरीचे स्वरूप का बदलू नये? बदलाची भाषा इथे ठाम होते.

आणि तरी तोच अँब्रोझ मिलानच्या विधीतली प्रार्थना शिष्यांना सांगतो तेव्हा त्या प्रार्थनेत अर्पणाला ख्रिस्ताच्या शरीराची आणि रक्ताची आकृती म्हटलेले आहे. त्याला यात विसंगती दिसली नाही. मोठाच धागा इथे हाती लागतो. प्राचीन जगात खूण ही वस्तूची गैरहजेरी दाखवत नसे. जिची खूण आहे ती वस्तू खुणेत सहभागी असे.

387 च्या इस्टरला अँब्रोझच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला ऑगस्टीन हा या सगळ्या वादातला सर्वांत अडचणीचा साक्षीदार. योहानाच्या शुभवर्तमानावर बोलताना तो म्हणतो की दात आणि पोट कशाला तयार करता, विश्वास ठेवा म्हणजे तुम्ही खाल्लेच. स्तोत्रांवर बोलताना तोच सांगतो की त्या देहाची आराधना केल्याशिवाय कोणी तो खात नाही. पहिले वाक्य एका पक्षाचे, दुसरे दुसऱ्याचे. पण नवख्रिस्ती लोकांसमोर केलेल्या त्याच्या प्रवचनांत त्याचा खरा कल दिसतो. तुम्हीच ख्रिस्ताचे शरीर आहात, म्हणून मेजावर तुमचेच रहस्य ठेवलेले आहे, आणि आमेन म्हणता ते तुम्ही जे आहात त्यालाच, असे तो त्यांना समजावतो. धान्य दळले जाते, भिजवले जाते, भाजले जाते. तसेच तुम्ही उपासतापासाने दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने भिजलात, आत्म्याच्या अग्नीत भाजलात आणि एक भाकर झालात. बोलणारा बिशप आफ्रिकेतल्या दुभंगलेल्या चर्चमधला आहे. समोरच्या रस्त्यावर फुटून निघालेल्या डोनाटसपंथीयांची वेगळी वेदी आहे. एका भाकरीवर त्याचा इतका भर का, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

मारबुर्गचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला तो 9व्या शतकात, उत्तर फ्रान्समधल्या कोर्बीच्या मठात. 831 च्या सुमारास पास्खासियस राडबर्टस या मठवासीयाने लिहिले की वेदीवरचे शरीर हे मरियेपासून जन्मलेलेच शरीर आहे. राजा चार्ल्सने विचारले, हे रहस्यात की सत्यात? त्याच मठातल्या रात्रामनसने उत्तर दिले: रहस्यात. सत्य आणि रहस्य यांच्यामध्ये ‘की’ घातला गेला, तेव्हा जुनी भाषा दुभंगली. दोघेही अँब्रोझ आणि ऑगस्टीनचेच दाखले देत होते. 1059 मध्ये रोममध्ये तूरच्या बेरेंगारकडून शरीर दातांनी चावले जाते असा कबुलीजबाब वाचून घेतला गेला, आणि 1215 च्या लॅटरन धर्मसभेने तत्त्वपालटाची, म्हणजे भाकरीचे मूलद्रव्यच पालटते याची, संज्ञा अधिकृत केली.

हे सारे म्हणजे निवाडा टाळण्याची युक्ती आहे, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून निवाडा स्पष्ट सांगायला हवा. भाकर ही नुसती भाकर आणि विधी हा नुसता स्मरणविधी, असे म्हणणारा मान्यवर लेखक या चार शतकांत नाही. झ्विंग्लीला दिलेला आधार तुटपुंजा आहे, हे कबूल करावे लागते. दुसरीकडे भाकरीचे मूलद्रव्य जाऊन फक्त तिची रूपे उरतात, हा सिद्धान्तही त्यांच्यापाशी नाही. आयरेनियसची तर त्याच्या उलट गरज होती. खरी उपस्थिती ते गृहीत धरतात आणि तिची यंत्रणा सांगत नाहीत. जो पंथ त्यांच्याकडे यंत्रणेचा पुरावा मागायला जातो, तो रिकाम्या हाताने परततो.

ज्यावर त्यांचे सर्वांत घट्ट एकमत आहे, तो मुद्दा मात्र दोन्ही बाजूंच्या उताऱ्यांच्या संग्रहांत क्वचितच सापडतो. पौल भुकेल्यांपासून सुरुवात करतो. डिडाखे समेट मागते. इग्नाशियस विधवांची आठवण काढतो. जस्टिनच्या वर्णनाचा शेवट देणगीच्या पेटीपाशी होतो. 4थ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचनकार क्रिसोस्तम गरजतो की चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रे आणि बाहेर थंडीत त्यालाच उघडे ठेवणे, हा सन्मान नव्हे. ज्याने भाकरीविषयी ते शब्द उच्चारले त्यानेच भुकेल्याला न दिलेले मला दिले नाही असेही म्हटले आहे. या लेखकांच्या लेखी भोजन खरे की खोटे याची एक कसोटी उपासनेनंतर कोण उपाशी राहिले ही होती. 16व्या शतकातल्या वादपटूंनी तिला दुय्यम मानले, आणि तिथे त्यांनी आपल्याच साक्षीदारांचे म्हणणे अर्धे ऐकले.

या लेखकांच्या विविधतेला आता केवळ इतिहासकारांचीच मान्यता उरलेली नाही. पूर्वेकडच्या सिरियन चर्चची अद्दाई आणि मारी यांच्या नावाने ओळखली जाणारी आभारप्रार्थना अतिशय प्राचीन आहे, आणि तिच्या परंपरेने चालत आलेल्या पाठात भाकरीविषयीची येशूची ती वाक्ये नाहीत. लूथरने मेजावर लिहिलेल्या आणि रोमने विधीचा गाभा मानलेल्या शब्दांविना हा विधी शतकानुशतके होत आला. केरळच्या सिरो-मलबार चर्चची मुख्य प्रार्थना हीच, त्यात ती वाक्ये नंतर घातलेली. 1988 मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या धर्मप्रांतामुळे ती महाराष्ट्रातही म्हटली जाते. 2001 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मान्यतेने व्हॅटिकनने जाहीर केले की त्या वाक्यांशिवायची ही प्राचीन प्रार्थनाही वैध आहे.